वनस्पतिपरिचय : बाभूळ आणि हिवर

सांगोल्याकडील माळरानांतून येणाऱ्या पाहुण्यास वाटेंत कोणतीं झाडें दिसलीं असें विचारलें, तर तो सहज म्हणेल, "बाभळी, दुसरें काय असणार?" परंतु त्या एका शब्दाखालीं निदान तीन निराळीं झाडें दडलेलीं असतात, आणि हा भेद न जाणल्यामुळें कुऱ्हाड पुष्कळदां भलत्याच झाडावर पडते.

त्यांपैकीं बाभूळ व हिवर हीं खरीं भावंडें. दोघांचीं पानें बारीक दलांचीं, दोघांनाहि पांढऱ्या कांट्यांच्या जोड्या. २००५ सालीं व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेनें 'अकेशिया' हें नांव ऑस्ट्रेलियांतील जातींसाठीं राखून ठेवलें. तेव्हांपासून हीं दोन्ही 'व्हॅचेलिया' या प्रजातींत एकत्रच गणलीं जातात.

तरीहि तीं ओळखणें कठीण नाहीं. बाभळीची साल काळपट व भेगाळलेली, तर हिवराची तरुणपणीं पांढुरकी. त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'ल्यूकोफ्लिया' या पदाचा अर्थच पांढऱ्या सालीचा. बाभळीचे सोनेरी गेंद पानांच्या बेचक्यांत येतात. हिवराचे फिकट गेंद फांद्यांच्या शेंड्यांवर मोठ्या झुपक्यांनीं. बाभळीची शेंग दर दोन बियांमध्यें आवळलेली, जणूं मण्यांची माळ. हिवराची चपटी व किंचित् वांकडी. बाभळीस ओढ्याकांठची खोल काळी माती मानवते. हिवर मुरमाड माळावरहि तग धरतो. एकीनें शेतकऱ्यास नांगराचें लांकूड व घरास डिंक दिला. दुसऱ्याच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांस चारा होतात, तर त्याची साल पूर्वीं दारू गाळण्याच्या कामीं येई.

तिसरी ती वेडी बाभूळ. ही केवळ नांवाची बाभूळ. मूळची अमेरिका खंडांतील. हिचीं फुलें गेंदांचीं नसून लांब तुऱ्यांचीं. हिच्या गोड शेंगा जनावरें आवडीनें खातात व शेणावाटें बीं सर्वत्र पसरतें. बांध, ओढे, पडीक रानें ती पाहतां पाहतां व्यापून टाकते. तिला आवरणें योग्यच आहे. परंतु "बाभळी काढून टाका" एवढाच निरोप गड्यास दिला, तर बाभूळ आणि हिवरहि तिच्याबरोबर जातात. वेडी बाभूळ तर बुंध्यापासून पुनः फुटते. जुन्या हिवराची सावली मात्र वर्षानुवर्षें परत मिळत नाहीं.

म्हणून श्रावण-भाद्रपदांत शेतावर जाणें झाल्यास मुलांना ह्या झाडांचीं फुलें अवश्य दाखवावींत. गेंद दिसला तर झाड राखावें. तुरा दिसला तर मुळासकट काढावें. एवढी खूण गड्यास सांगितली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.