ओळखीची बोट

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तंजावरला पोस्टिंग म्हणजे मोठं देऊळ बघितलंस ना?" दुसरा प्रश्न अलीकडे सुरू झालाय. "तिकडे समुद्र जवळ आहे ना रे? संध्याकाळची खाजगी बोट मिळते का? फक्त आपली फॅमिली, सूर्यास्त, चार फोटो. तुझी ओळख असेलच."

या शेवटच्या वाक्यासाठी आजचा लेख. ओळख होती. तिचा मी वापर केला. आणि ते चुकलं.

आधी जागा सांगतो. तंजावर शहर समुद्रावर नाही. समुद्र गाठायला ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै करत साठ-पासष्ट किलोमीटर जावं लागतं. वाटेत ओरत्तनाडूला सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबा छत्रम लागतं. छत्रम म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरला पायी जाणाऱ्यांना इथे फुकट जेवण आणि मुक्काम मिळायचा. जोत्याला दगडी घोडे आणि हत्ती कोरलेत, जणू सगळी इमारत रथासारखी ओढत चाललेत. माझी आई तिथे पायरीवर बसली आणि म्हणाली, "आपल्या लोकांनी इतक्या लांब येऊन जेवणं घातली!" तेवढ्यावर तिची यात्रा झाली होती. पुढचा हट्ट माझा.

पट्टुकोट्टैपासून पुढे मल्लिपट्टिणम हे मासेमारीचं बंदर. त्याच्या शेजारी किनाऱ्यावर मनोरा उभा आहे. षटकोनी, आठ मजल्यांचा, भोवती तट आणि खंदक. हाही सरफोजीराजांनीच बांधला, आणि कशासाठी, तर इंग्रजांनी नेपोलियनला पाडलं त्याच्या आठवणीसाठी. लोक सर्रास त्याला वॉटर्लूचा मनोरा म्हणतात. पण शिलालेखातलं साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ ला. म्हणजे ही नेपोलियनच्या पहिल्या पाडावाची, एल्बा बेटावर रवानगी झाली तेव्हाची खूण. लेख अनेक भाषांत कोरलाय. त्यात आपली मराठीही आहे.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा माणूस. सध्या इथे एन.सी.सी.च्या युनिटमध्ये पी.आय. स्टाफ म्हणून आहे. पहिल्यांदा तो लेख पाहिला तेव्हा मान खाली गेली. १७९९ च्या तहानंतर सरफोजीराजांच्या हातात तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढंच उरलं होतं. कारभार कंपनीचा, फौज कंपनीची. स्वतःची फौज गेलेला भोसले राजा दुसऱ्याच्या फौजेच्या विजयाचा मनोरा बांधतो, हे फौजी माणसाला बोचणारच.

पण हाच राजा. त्याने सरस्वती महालात ग्रंथ जमवले, देवनागरीचा छापखाना काढला, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो भित्रा नव्हता, तो अडकलेला होता. ज्याच्या हातात तुमची नेमणूक आणि तनखा असतो, त्याला "नाही" म्हणता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे महिन्यात मंडळी सुट्टीला आली. आई, ही आणि दोन मुली. थोरलीने फोनवर कुठल्याशा शहरातल्या सूर्यास्ताच्या बोटी पाहिल्या होत्या. पांढऱ्या गाद्या, दिवे, गाणी. "बाबा, आपण पण प्रायव्हेट बोट करू या ना." आम्ही मालवण तालुक्यातले. मामाची होडी होती, रापण ओढत लहानाचा मोठा झालो. म्हटलं, त्यात काय अवघड आहे?

माझा एक कॅडेट त्या किनाऱ्यावरचा. त्याच्या काकांची फायबरची बोट आहे. त्याला विचारलं. विचारलं म्हणजे काय, उस्ताद विचारतो तसं विचारलं. पोरगा अटेन्शनमध्ये उभा राहून म्हणाला, "येस सर." मग जरा थांबून, "सर, जॅकेट दोनच आहेत." मी म्हणालो, "अरे, आम्ही कोकणातले आहोत." तो पुन्हा म्हणाला, "येस सर."

तिथे तिकिटाची, परवानगीची, अधिकृत बोटीची सोय आहे का, याची मी चौकशीसुद्धा केली नाही. ओळख असताना चौकशी कोण करतो?

पूर्व किनाऱ्यावर एप्रिलच्या १५ पासून जूनच्या १४ पर्यंत मासेमारीची बंदी असते. मोठे ट्रॉलर धक्क्याला बांधून पडले होते, काहींची रंगरंगोटी चालली होती. छोट्या बोटींची ये-जा चालू होती. साडेपाचला निघालो. काका, कॅडेट आणि आम्ही पाच, एकूण नफरी सात. दोन जॅकेटं. एक आईला, एक धाकटीला.

पाल्कच्या उपसागराचं पाणी उथळ आणि गढूळ. आमच्या मालवणसारखं निळं नाही, लाटाही तशा नाहीत. आणि एक गोष्ट तिथे गेल्यावरच डोक्यात आली. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. सूर्यास्त बघायचा तर जमिनीकडे पाठ करायची. इथे उलटं. सूर्य जमिनीमागे जातो. बोट बाहेर न्यायची आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसायचं. मग नारळाच्या रांगा काळ्या होत जातात आणि मधोमध तो मनोरा उभा राहतो. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा वादळाने या पट्ट्यातले नारळ कापून काढल्यासारखे आडवे केले होते. काका हाताने दाखवत होते, कुठली बाग राहिली, कुठली गेली. दृश्य खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू?

परत फिरताना इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला होता. वारा जमिनीकडून होता, म्हणजे बोट हळूहळू बाहेर चाललेली. उजेड गेला. काका काही बोलायच्या आत कॅडेटने शर्ट काढला, सुरी तोंडात धरली आणि पाण्यात उतरला. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, अंगात जॅकेट नाही, कारण जॅकेटं माझ्या घरच्यांच्या अंगात. वीस-पंचवीस मिनिटं तो पंख्याखाली श्वास रोखून जाळं कापत होता, वर येत होता, पुन्हा खाली जात होता. मी मोबाईलचा टॉर्च धरून बसलो होतो. हिने थोरलीचा हात घट्ट धरला होता. आई देवाचं नाव घेत होती. मी चांगला पोहणारा, पण त्या वेळी मोजत होतो की बोट उलटली तर आधी कोणाला धरायचं. तो हिशेब ज्याने केलाय त्यालाच माहीत. त्या हिशेबात तो कॅडेट आणि त्याचे काका कुठेच नव्हते, हे मला रात्री घरी आल्यावर कळलं.

इंजिन चालू झालं. धक्क्याला लागलो. काकांनी पैसे घेतले नाहीत. "सार, तुम्ही पोराचे वाध्यार," म्हणाले. वाध्यार म्हणजे गुरुजी. काहीच झालं नाही.

"काहीच झालं नाही" हे आपल्या नोकरीतलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. ज्या सरावात चूक होऊनही काही होत नाही, ती चूक पुढच्या वेळी सवय होते. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला संध्याकाळची पर्यटक बोट उलटली आणि २२ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि वेळ अंधार पडल्यानंतरची. आपल्या तारकर्लीत २४ मे २०२२ ला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोघं गेले. मी स्वतः तालुक्यातला, ती बातमी ऐकून आठवडाभर लोकांना शिव्या घातल्या होत्या. जॅकेट घालायला काय होतं यांना! आणि मीच.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं लिहिलं.

बोटीतून जाऊ नका असं मी म्हणत नाही. मनोरा पाण्यावरूनच बघावा. पण ओळखीची बोट घेऊ नका. खाजगी बोट पैसे देऊन घेतली तर गिऱ्हाईक आणि नावाडी यांच्यात एक व्यवहार असतो. नावाडी म्हणू शकतो, "माणसं जास्त आहेत, वारा बरा नाही, आज नको." ओळखीच्या बोटीत तो हे म्हणू शकत नाही. जितकी ओळख मोठी, हुद्दा मोठा, उपकार मोठे, तितका त्याचा आवाज बंद. माझ्या कॅडेटने त्याच्या परीने "नाही" म्हटलं होतं. "जॅकेट दोनच आहेत" हेच त्याचं "नाही" होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

आपण फौजी लोक यात सगळ्यात पुढे असतो. बाजूच्या युनिटची गाडी, कोणाच्या तरी गावातला पाहुणचार, कोणाच्या काकांची बोट. प्रेमाने करतात, खरंय. पण प्रेम किती आणि धाक किती हे हुद्देवाल्याला कधीच कळत नाही. धाक नसता तर त्याने विचारल्यावर पहिलं काय उत्तर दिलं असतं, एवढंच स्वतःला विचारावं.

यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, मासेमार पिढ्यानपिढ्या जॅकेटशिवाय जातात, माझा मामाही जायचा. जायचा. पण तो समुद्र त्याच्या पायाखालचा होता. पासष्टीच्या आईच्या आणि शहरात वाढलेल्या मुलींच्या पायाखालचा नाही. शिवाय मामा बरोबर कोणाला नेत नव्हता. मासे धरायला जाणं आणि माणसं नेणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरं, नियम आणले की गरीब नावाड्याचा धंदा जातो आणि ठेकेदार येतो. ही भीती खरी आहे. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बघा. स्थानिकांच्याच आहेत, तिकीट आहे, पावसाळ्यात सेवा बंद ठेवतात. इकडे शेजारी मुत्तुपेट्टैच्या खारफुटीत वनखात्याच्या परवानगीने बोटीतून नेतात. मनोऱ्यासमोरही हे किनाऱ्यावरच्या मासेमारांच्याच हातात राहावं, पण नोंद झालेली बोट, माणशी एक जॅकेट, ठरलेली संख्या आणि अंधाराआधी परत, या चार अटींवर. उघड्या छोट्या बोटीतला सूर्यास्त म्हणजे परतीचा प्रवास अंधारात, हे गणित कोणी सांगत नाही. सूर्य नारळांच्या वर हातभर असतानाच बोट फिरवावी. उरलेला सूर्यास्त धक्क्यावर चहा घेत बघावा.

बोटी मोजक्या असण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या सप्टेंबरात तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग म्हणजे समुद्रगाय. ती तळाचं समुद्रगवत खाऊन जगते. जो उठेल त्याची बोट तिथे फिरायला लागली, तर पंख्यांनी ते गवत उपटलं जाईल.

सोमवारी परेडनंतर मी त्या कॅडेटला बाजूला घेतलं. सांगितलं की चूक माझी होती, तू दोन जॅकेटं म्हणालास तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तो अटेन्शनमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "येस सर." माफीसुद्धा त्याने हुकमासारखी घेतली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या काकांना सात जॅकेटं पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली, एवढं समाधान.

तेव्हा मंडळी, तंजावरला जरूर या. देऊळ दाखवीन, सरस्वती महाल दाखवीन, ओरत्तनाडूला पायरीवर बसू, मनोऱ्यावरचा मराठी लेख मिळून वाचू. बोटीचं विचारलंत तर तुमच्याबरोबर चौकशीला येईन, तिकीट काढीन आणि जॅकेटं मोजीन. ओळख मात्र काढणार नाही.

जय हिंद.