पहिली पसंती एकच असते

इथे अमेरिकेत, मराठी मंडळाच्या दिवाळीत, फराळाच्या टेबलाभोवती, मेडिकलला अर्ज केलेल्या मुलांवर सल्ल्यांचा भडिमार होतो. त्यातला एक सल्ला आता ऐकवत नाही: "सगळ्यांना लिहून टाक, तुमचीच स्कूल माझी पहिली पसंती. कोण तपासायला बसलंय?" सांगणाऱ्यांच्या पोटात माया असते, याबद्दल शंका नाही. पण ज्या मुलीच्या शब्दावर उद्या रुग्ण विसंबणार, तिला आपण डॉक्टर होण्याआधीच सहीनिशी खोटं लिहायला बसवतो. माझा आक्षेप अर्जानंतर स्कूल्सना अपडेट पाठवण्याला नाही. अपडेट पाठवायलाच हवेत. त्यांत काय लिहायचं, याबद्दल मात्र आपण मुलांची दिशाभूल करतो.

अर्ज गेला की विषय संपला, ही आपली सवय भारतातली. आपल्यातल्या अनेकांच्या वेळी बारावीचे पीसीबीचे मार्क आले, यादी लागली, प्रश्न मिटला. आजही महाराष्ट्रात नीटचे ७२० पैकी किती आणि कॅप राउंडला पसंतीक्रम काय भरला, यावर सगळं ठरतं. इथे जूनमध्ये ॲमकास, म्हणजे एमडीचा सामाईक अर्ज, सबमिट होतो, उन्हाळाभर एकेका स्कूलचे सेकंडरी अर्ज, मग हिवाळा सरेपर्यंत इंटरव्ह्यू, १५ ऑक्टोबरपासून होकाराची पत्रं आणि वेटलिस्टवरच्यांचा जीव तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टांगणीला. या वर्षभरात मूल शिकत असतं, काम करत असतं, पण ॲमकास मात्र जूनमध्येच गोठलेला असतो. संपर्काचा पत्ता बदलता येतो, राहिलेली शिफारसपत्रं, एमकॅट या प्रवेशपरीक्षेची नवी तारीख, आणखी काही स्कूल्स घालता येतात. निबंधाला आणि अनुभवांच्या नोंदींना पुन्हा हात लावता येत नाही. डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक पदवीच्या, अर्जात निदान नवे अनुभव जोडायची सोय आहे. एमडीसाठी ही दरी भरून काढायला अपडेटच लागतो, आणि तोही जिथे घेतात तिथेच. काही स्कूल्स पोर्टलवर त्यासाठी चौकट देतात, काही इंटरव्ह्यूनंतरच घेतात, काही स्पष्ट बजावतात की काही पाठवू नका. तो नकार डावलून पाठवलेलं पत्र सूचना न वाचल्याचा पुरावा ठरतं.

जिथे घेतात, तिथे बातमी हवी. "हॉस्पिटलमधलं काम सुरू आहे, खूप शिकायला मिळतंय" ही बातमी नव्हे. आणखी शंभर तास भरले, हीसुद्धा बहुतेक वेळा नव्हे. कारण पुढे होणारे तास अर्जात आधीच दाखवलेले असतात. याउलट, "जानेवारीपासून मोफत दवाखान्यात नव्या स्वयंसेवकांना रक्तदाब मोजायला मी शिकवते, आणि दुसऱ्यांदा न येणाऱ्या रुग्णांना फोन करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे," या एका वाक्यात जबाबदारी वाढलेली दिसते. सेमिस्टरचे ग्रेड, स्वीकारला गेलेला शोधनिबंध, नवी नोकरी, हेही सांगण्यासारखंच. पण अपडेट म्हणजे फक्त आनंदाची बातमी नव्हे. अर्जानंतर कॉलेजने शिस्तभंगाची कारवाई केली किंवा कोर्टात दोष सिद्ध झाला, तर कामकाजाच्या दहा दिवसांत प्रत्येक स्कूलला स्वतःहून कळवावं लागतं. हा नियम फराळाच्या टेबलावर कुणी सांगत नाही.

आता त्या पहिल्या पसंतीकडे येते. "तुम्ही घेतलंत तर मी नक्की येईन," असं पत्र एकाच स्कूलला जाऊ शकतं. दोन स्थळांना एकाच आठवड्यात होकार कळवणाऱ्या घराला आपण काय म्हणू? यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, हे पत्र कायद्याने बांधत नाही. खरं आहे, पण कायद्याने न बांधणारा शब्दच माणसाची पारख करतो. मेडिकल स्कूल्सची संघटना असलेल्या एएएमसीने अर्जदारांकडून अपेक्षित गुणांची जी यादी केली आहे, तिच्यात नैतिक जबाबदारी स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. दुसरं, सगळेच असं करतात. तसं असेल, तर त्या वाक्याला काही किंमत उरत नाही आणि खरोखर एकाच जागी जीव अडकलेल्या मुलाचं पत्रही त्याच ढिगात जातं. शिवाय दोन्हीकडून होकार आला, तर एका फाइलमध्ये मुलाच्या सहीचं वचन आणि त्याच मुलाचा नकार शेजारी शेजारी लागतात. तिसरं उत्तर मात्र गांभीर्याने घ्यायला हवं: स्पर्धाच इतकी आहे. अलीकडे एमडीसाठी वर्षाला पन्नास हजारांहून अधिक अर्जदार आणि प्रवेश सुमारे २३,०००, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं बाहेर राहतात. ही भीती खोटी नाही. पण खरं बोलायलाही जागा आहे. "तुमच्याकडे यायला मला मनापासून आवडेल, आणि त्याची कारणं ही" असं दहा स्कूल्सना लिहिता येतं, प्रत्येक ठिकाणी कारणं खरी आणि वेगळी असली की झालं. ग्रामीण भागातलं प्रशिक्षण, आजी-आजोबा राहतात ते गाव, एखादा संशोधन विभाग. ते लिहायला वेळ लागतो, स्कूलची माहिती वाचावी लागते. आणि "पहिली पसंती" नेमके तेच कष्ट टाळायला लिहिली जाते.

हा उपदेश वाटला तर माफ करा. घरात वेटलिस्टवरचं मूल असताना आईबापांची झोप कशी उडते, हे मी जाणते आणि त्या काळजीला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. तरी आणखी एक सांगते: ॲडमिशन ऑफिसला आईने फोन करू नये, पत्र बाबांनी लिहू नये, आणि मुलाला जेमतेम ओळखणाऱ्या डॉक्टरकाकांचं जादा शिफारसपत्र तर नकोच. पत्र मुलाने लिहावं. आपण फार तर शुद्धलेखन बघावं. तारखा मात्र आपणही लक्षात ठेवू शकतो. ज्यांच्या हाती अनेक होकार असतात, त्यांनी १५ एप्रिलपर्यंत तीन आणि ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवावी, अशी अपेक्षा असते. मग जागा मोकळ्या होतात आणि मे महिन्यात वेटलिस्ट सरकू लागते. खरी पहिली पसंती कळवायची असेल, तर एप्रिल संपता संपता ते पत्र पोहोचलेलं असावं, एका पानात, एकाच पत्त्यावर.