कॅप्सूल भरणं सोपं, पण आत किती गेलं ते मोजणार कोण?

पिंप्राळा (जि. जळगाव) : शेवग्याचा पाला सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, वस्त्रगाळ करायचा आणि रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचा. मोबाईलवरच्या व्हिडिओत हा घरगुती धंदा दहा मिनिटांचा वाटतो. रिकाम्या कॅप्सूल आणि शंभर भोकांचं हातमशीन ऑनलाइन मिळतं. हळद, आवळा, अश्वगंधा यांचंही तेच. खरी अडचण वजनात आहे.

शून्य नंबरच्या कॅप्सूलमध्ये जागा असते ०.६८ मिली. पाल्याची बारीक पूड हलकी असते, हवा धरून बसते. एक मिली पूड अर्धा ग्रॅम भरली, तर कॅप्सूलमध्ये जाते जेमतेम ३४० मिलिग्रॅम. मग डबीवर ‘५०० मिलिग्रॅम’ कुठून आलं? चहाचा एक चमचा पूड, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, पोटात जायला अशा सात कॅप्सूल लागतात. तीच पूड भाकरीच्या पिठात किंवा वरणात टाकली तर कॅप्सूलचा खर्चच नाही.

पावसाळ्यात बारीक पूड ओल धरते, गोळे होतात, भोकाशी अडकते. एक कॅप्सूल ठासून भरते, शेजारची अर्धी राहते. औषध कारखान्यात २० कॅप्सूल एकेक करून तोलतात. आतला माल ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर १० टक्के आणि त्याहून जास्त असेल तर साडेसात टक्के, एवढाच फरक चालतो. किराण्याच्या काट्यावर हा फरक दिसणार नाही, त्याला सोनाराचा काटा लागतो. जळगावात त्याची वानवा नाही.

टरफलाचंही बघायला पाहिजे. साधी कॅप्सूल जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनलेली असते. शाकाहारी कॅप्सूल वेगळी येते, तिच्यावर ‘एचपीएमसी’ लिहिलेलं असतं. आषाढी एकादशीला जिथे रथ निघतो, त्या गावात ही माहिती विकणाऱ्याने आधीच सांगायला हवी.

घरच्यापुरतं भरलं तर परवान्याचा प्रश्न नाही. विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षा कायदा लागतो, औषध म्हणून विकलं तर १९४० चा औषध कायदा. ‘शुगर बरी होते’ अशी जाहिरात केली तर १९५४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, मग ती व्हॉट्सअॅपवर का असेना.

टरफलाआडचं कुणाला दिसत नाही. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात पुरवलेल्या बनावट अँटिबायोटिक गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं २०२४ मध्ये तपासात पुढे आलं. तिथे तर बिलं होती, ठेकेदार होता. घरच्या डबीला फक्त विकणाऱ्याचा शब्द असतो.

शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल घेऊ नये. आणि विकणाऱ्याने डबीवर तेवढंच लिहावं, जेवढं काट्यावर भरलं.