शेतकऱ्यानं भाजी विकत घ्यावी?

थंडी ओसरली, ऊन तापायला लागलंय. आपण माल टनावारी पिकवतो अन् घरच्या भाजीसाठी आठवडी बाजार गाठतो. हे बरं नाही. उन्हाळ्यात भाजी कडाडली की खिसा आपलाच रिकामा होतो.

फेब्रुवारी संपायच्या आत घरामागं अर्धा गुंठा मोकळा करा. शेणखत मिसळा. भेंडी, गवार टोका. दोडका-कारल्याचं बी रात्रभर भिजवून कुंपणाकडेला लावा. आळ्यात पाचट अंथरा, ओल टिकते. पाचट पेटवू नका. दीड-दोन महिन्यांत घरची भेंडी ताटात येईल.

एक मात्र सांगतो, परसबाग म्हणजे फक्त बायकांचं काम नव्हे. आळी पुरुषांनी करावीत.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी