वाईटपणा कोणी घ्यायचा?



आपण इथे जुने वाडे, होळकरांच्या वेळच्या सनदा, गणपतीतली नाटकं, आजीच्या हातचं गुळांबं असं सगळं लिहितो. मलाही ते वाचायला आवडतं. आज मात्र थोडं कडू लिहिणार आहे आणि लांबही. ज्यांना गोडच वाचायचंय त्यांनी इथे थांबलं तरी माझा राग नाही.

निमित्त सांगते. गेल्या महिन्यात आपल्या समाजातल्या एका मुलीनं आमच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. ती नर्स आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात आणि त्यामुळे इंजेक्शनं कशी उशिरा जातात, एवढंच तिनं लिहिलं होतं. रुग्णालयाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही. पण ट्रस्टवर आपलीच माणसं आहेत, त्यामुळे ओळखायचं त्यांनी ओळखलं. तासाभरात उत्तरं सुरू. "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" "पगार तिथलाच घेता ना?" एका काकांनी तर सरळ "घरभेदी" लिहिलं. संध्याकाळपर्यंत तिनं मेसेज काढून टाकला.

ही उत्तरं लिहिणारी माणसं दुष्ट नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटतं. रुग्णालयाला देणगी देणारी, कुणी आजारी पडलं तर डबा पोचवणारी माणसं आहेत. पण "कशाला वाईटपणा घ्यायचा" हे आपलं ब्रीदवाक्यच झालंय. परमुलखात चार-पाच पिढ्या काढल्या, तर सगळ्यांशी जुळवून घेऊन काढल्या. ती सवय कामाची होती, नाही म्हणत नाही. पण रुग्णालयात ती सवय माणसाच्या जिवावर बेतते. तिथे आपण गप्प बसतो तेव्हा कुणाची तरी बाजू घेतलेलीच असते, आणि ती खाटेवर पडलेल्या माणसाची नसते.

इंग्रजीत ज्याला व्हिसलब्लोअर म्हणतात, त्याला मराठी वर्तमानपत्रं "जागल्या" म्हणतात. शब्द छान निवडलाय. गावगाड्यात रात्री गस्त घालून लोकांना सावध करणारा तो जागल्या. त्यानं हाळी दिली म्हणून झोप मोडली, अशी तक्रार गावानं केल्याचं मी तरी ऐकलं नाही. मग रुग्णालयातला जागल्याच आपल्याला घरभेदी का वाटतो?

माझं माहेर देवासचं, थोरल्या पातीतलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रॅनबॅक्सीचा औषधांचा कारखाना होता. तिथे नोकरी लागली की घरात पेढे यायचे. आता त्याच कंपनीची गोष्ट बघा. दिनेश ठाकूर नावाचे अभियंते 2003 मध्ये तिथे वरच्या हुद्द्यावर आले. कोणत्या देशाला आपण औषधांची काय माहिती दिली आहे आणि ती खरी आहे का, हे तपासायचं काम साहेबांनी त्यांच्यावर सोपवलं. तपासल्यावर दिसलं की पुष्कळ ठिकाणी आकडे नुसते बसवलेले आहेत. ठाकूर काही लगेच बाहेर बोंबलत गेले नाहीत. जे सापडलं ते आधी कंपनीतच वरपर्यंत पोचलं. काही हललं नाही. 2005 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मग अमेरिकेच्या एफडीएला कळवलं. 2008 मध्ये एफडीएनं आमच्या देवासच्या आणि हिमाचलमधल्या पांवटा साहिबच्या कारखान्यांतून येणारी 30 हून जास्त औषधं आपल्या देशात यायची बंद केली. मे 2013 मध्ये कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ठाकूरांनी सांगितल्यापासून आठ वर्षं लागली. दोन, वसुलीतला वाटा तिथल्या कायद्यानं ठाकूरांना मिळाला, कारण खरं सांगणाऱ्याला बक्षीस द्यावं असं तो कायदा मानतो. आपल्याकडे? 2016 मध्ये ठाकूर औषधांच्या दर्जाबद्दल जनहित याचिका घेऊन आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेले, तर ती ऐकूनही घेतली गेली नाही.

आता इंदूर. आपल्या एमवायचं, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाचं नाव घेतलं की आपली छाती फुगते. साधारण 2010 च्या सुमारास याच रुग्णालयात पेशंटांवर नव्या औषधांच्या चाचण्या चालतात आणि कितीतरी पेशंटांना त्याचा पत्ताच नसतो, हे बाहेर आलं. बाहेर काढणाऱ्यांत होते इथल्याच मेडिकल कॉलेजातले तरुण डॉक्टर आनंद राय. बक्षीस काय मिळालं? तिथली नोकरी गेली. पण तो विषय इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 2013 पासून देशभराचे नियम बदलले. चाचणीत इजा झाली किंवा माणूस दगावला तर भरपाई द्यायची, आणि संमती घेताना चित्रण करायचं. (चित्रणाची अट पुढे थोडी सैल केली, ते सोडा.) आज देशात कुठल्याही गरीब पेशंटासमोर संमतीपत्र नीट वाचलं जात असेल, तर त्यामागे इंदूरच्या काही "घरभेद्यांची" मेहनत आहे. आपल्या शहराच्या इतिहासात आपण अहिल्याबाई सांगतो, सी. के. नायडू सांगतो. हेही सांगायला काय हरकत आहे?

आणि त्याच एमवायमध्ये ऑगस्ट 2025 च्या शेवटी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात उंदरांनी दोन बाळांना कुरतडलं. दोन्ही बाळं गेली. मृत्यूचं कारण दुसरंच आहे, असं रुग्णालयाचं म्हणणं. कारण काहीही असो, उंदीर काही त्याच रात्री बाहेरगावाहून आले नव्हते. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला वॉर्डातलं सगळं दिसतं. दिसलेलं त्यानं कुणाला सांगायचं आणि सांगितल्यावर त्याचं काय होतं, एवढाच प्रश्न आहे.

माझ्यापुरतं उत्तर मला माहीत आहे. 31 वर्षं मी सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी एका ट्रस्टच्या रुग्णालयात. नाव लिहीत नाही, विचारूही नका. आमच्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूल एकाच ट्रेमध्ये असायच्या. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही 10 मिलीच्या, अंधारात सारख्या दिसणाऱ्या. फरक एवढाच की डिस्टिल्ड वॉटरमध्ये अँटिबायोटिकची पावडर विरघळवून देतात, आणि पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. एका रात्री शिकाऊ मुलगी पोटॅशियमची अँप्यूल फोडून वायलमध्ये सोडायच्या बेतात होती. मी शेजारीच होते म्हणून हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज दिला. पोटॅशियम वॉर्डातून काढा, नाहीतर वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. माझ्या मनातलं काही नव्हतं ते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्येच सगळ्या जगाला हे सांगून ठेवलंय. मेट्रन म्हणाल्या, "त्या मुलीवर कारवाई करू, अर्ज परत घ्या." मी म्हटलं, मुलीची चूक नाही, ट्रेची आहे. अर्ज ट्रस्टींपर्यंत गेला. दोन ट्रस्टी घरी आले, चहा-पोहे झाले, माझ्या सासऱ्यांची आठवण निघाली. मग मुद्दा आला, "वहिनी, संस्था आपली आहे. कागदावर कशाला आणता? तोंडी सांगायचं." महिन्याभरात माझी बदली कपडे मोजायच्या स्टोअरला झाली.

पुढच्या वर्षी त्याच वॉर्डात एक पेशंट रात्री अचानक गेला. कागदावर कारण हृदयक्रिया बंद. अँप्यूलमुळेच गेला, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि नसताना बोलणार नाही. पण आठवड्याभरात पोटॅशियमच्या कपाटाला कुलूप लागलं. साधं कुलूप. माझ्या अर्जावर लागलं असतं तर ट्रस्टला त्याचा खर्च जड गेला नसता.

आता तुमचे आक्षेप. "असं जाहीर बोललं की लोक डॉक्टरांना मारायला धावतात." डॉक्टरांवर हात उचलणं हा गुन्हाच आहे, आणि असे हल्ले मी डोळ्यांनी पाहिलेत. पण ते होतात कधी? नातेवाइकांना कुणी काही सांगत नाही, केसपेपर मागितला तर मिळत नाही, तेव्हा. दार बंद असलं की लोक खिडक्या फोडतात. "खोट्या तक्रारीही होतात." होतात ना. म्हणून तर लेखी घ्या, तपासा, खोटी निघाली तर तसं लिहून द्या. न तपासता खोटी म्हणणं हे सोयीचं आहे, न्यायाचं नाही. "संस्थेचं नाव खराब होतं." नाव तक्रारीनं खराब होत नाही हो. ज्या गोष्टीची तक्रार असते, तिनं ते आधीच झालेलं असतं.

"कायदा आहे की," असंही कुणी म्हणेल. तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजवर लागूच केलेला नाही. लागू झाला तरी तो सरकारी नोकरांच्या गैरकारभारापुरता. खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयातल्या सिस्टरला त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे तिच्या मागे उभं राहायचं तर आपणच राहायचं.

आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर, बडोदा की बेळगाव, जुन्या मराठी घरांतली कुणी ना कुणी रुग्णालयांच्या, दवाखान्यांच्या ट्रस्टवर असतातच. त्यांना मी तीन गोष्टी मागते. तक्रार लेखी देण्याची जागा ठेवा आणि ती ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच हाती जाऊ देऊ नका. तक्रार करणाऱ्याची वर्षभर बदली करायची असेल तर सगळ्या ट्रस्टींच्या सहीचं लेखी कारण द्या. आणि वार्षिक सभेत हिशोबाबरोबर हेही वाचा: इतक्या तक्रारी आल्या, हे हे केलं. नावं नकोत. आकडा शून्य असेल तर टाळ्या वाजवू नका. रुग्णालयात वर्षभर एकही चूक झाली नाही, असं होत नसतं. शून्य म्हणजे लोक घाबरलेत.

देणगीचा चेक लिहिणाऱ्यांनी चेक लिहिण्याआधी हेच विचारावं. संगमरवरी पाटीवर आजोबांचं नाव लागतंच, त्यासोबत हा एक प्रश्नही लागू द्या. आणि औषधाचा काही विपरीत परिणाम दिसला तर पेशंटाला स्वतःला कळवता येतं. औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा फुकट नंबर आहे, 1800-180-3024. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

ज्या काकांनी "घरभेदी" लिहिलं, त्यांचं वय माझ्याएवढंच आहे. आपण दोघंही आता लवकरच कुठल्यातरी खाटेवर असणार, काका. रात्री दोनला आपल्या सलाईनशी कुणीतरी उभी असेल आणि तिला ट्रेमध्ये काहीतरी चुकलेलं दिसेल. तेव्हा तिनं तोंड उघडावं असं वाटत असेल, तर ते आजपासून उघडू द्या.

पटलं नाही तर खाली लिहा, भांडा. पण मेसेज काढून टाकायला कुणाला सांगू नका.