‘सर्व रोगांवर रामबाण’ – पण कशावरून?

आमच्या सांगोल्याचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. खिलार खोंडे पाहायला लांबलांबहून माणसे येतात. बाजाराच्या कडेला, जेथे दोर, वेसणी आणि घुंगुरमाळा विकणारे बसतात, तेथेच गेल्या वर्षी एक गाडी उभी होती. तिच्यावर कर्णा लावलेला. आत बसलेला गृहस्थ कमरेला बांधायचा एक पट्टा उंच धरून सांगत होता, “मंडळी, रक्तात लोखंड असतं का नाही? असतं! मग चुंबक लोखंडाला ओढतो का नाही? ओढतो! पट्टा बांधा, रक्त आपोआप फिरतंय. गुडघेदुखी, कंबरदुखी, दमा, शुगर, समदं बंद!”

विद्यार्थिमित्रहो, पदार्थविज्ञानाचा इतका सोपा पाठ मी वर्गात कधी दिला नाही. गर्दी मान डोलावत होती. मी दीडशे रुपये देऊन एक पट्टा घेतला. (घरी या खर्चाबद्दल जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.)

महाविद्यालयात येऊन पट्टा उसवला. आत बटणाएवढे बारा चुंबक निघाले. चुंबक अगदी खरे होते, त्यात फसवणूक नव्हती. चुंबकाच्या पृष्ठभागाशी क्षेत्र मोजले तर सुमारे ०.०६ टेस्ला भरले, आणि दोन सेंटिमीटर दूर गेल्यावर ते वीस पटींनी कमी झाले. म्हणजे कातडी, चरबी आणि स्नायू ओलांडून आत जाईपर्यंत त्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो. आता रक्तातल्या लोखंडाचे पाहू. ते खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. त्याचे अणू हिमोग्लोबिनच्या मोठ्या रेणूंत एकेकटे अडकलेले असतात. १९३६ साली पॉलिंग आणि कॉरिएल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जात नाही. उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते! हे पटत नसेल, तर सोलापूरच्या एखाद्या रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्राचा विचार करा. त्याचे क्षेत्र साधारणतः १.५ टेस्ला असते, म्हणजे आमच्या पट्ट्याच्या पंचवीस पट. रक्त लोखंडाच्या किसासारखे ओढले जात असते, तर त्या यंत्रातून माणूस जिवंत बाहेर आला असता काय? आणि चुंबकाने दमा जात असता, तर रोज त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्यांपैकी एकालाही दमा उरला नसता.

हा पट्टेवाला काही नवा प्राणी नाही. त्याचे पूर्वज व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात सापडतात. १८५० च्या सुमारास तेथे पुल्वरमाखर नावाच्या गृहस्थाने तांबे आणि जस्त यांच्या तारांची साखळी विकायला आणली. ती व्हिनेगरमध्ये बुडवून अंगावर बांधायची. तुम्ही शाळेत साधा विद्युतघट केला असेलच, ही तीच करामत. त्यातून वीज खरोखर वाहत असे. खोटा होता तो पुढचा दावा, की या विजेने संधिवातापासून अर्धांगवायूपर्यंत सारे बरे होते. ज्या काळी जे शास्त्र नवे, त्याचा अंगरखा हे लोक घालतात. तेव्हा वीज होती, पुढे रेडियम आले, आता ‘क्वांटम’ आणि ‘नॅनो’ हे शब्द बाटल्यांवर दिसू लागले आहेत. आमच्या विषयाचे शब्द असे चोरीला जातात, याचा मला वैयक्तिक रागही आहे.

त्या काळच्या गोळ्या-बाटल्यांना ‘पेटंट औषधे’ म्हणत. गंमत अशी, की त्यांतील बहुतेकांचे पेटंट घेतलेलेच नसे. कारण पेटंट घ्यायचे तर आत काय आहे ते उघड करावे लागते, आणि सारा धंदा तर गुपितावर चालायचा. अशा औषधांवर इंग्लंडात १७८३ पासून सरकारी कर होता व तो भरल्याचे तिकीट डबीवर चिकटवलेले असे. भोळ्या गिऱ्हाइकाला वाटे, की सरकारने औषध तपासून शिक्का मारला आहे!

बीचमच्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. डबीची किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, व्हायला हवी अशी त्यांची जाहिरात असे. विक्री मात्र एक शिलिंग दीड पेनीला. किती स्वस्त! ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तक छापले, तेव्हा या गोळ्यांत कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण निघाला. छप्पन गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. आता गणित करा. बारा पेन्यांचा शिलिंग, चार फार्दिंगांची पेनी. साडेतेरा पेन्यांचे चौपन्न फार्दिंग होतात. म्हणजे मालाच्या एकशेआठ पट किंमत. कोरफडीच्या रसाने पोट मात्र नक्की साफ होई, म्हणून लोकांना ‘गुण’ही येई. पण सुंठ-साबणावर निभावले ते नशीबवान. मिसेस विन्स्लो यांच्या नावाने विकले जाणारे सरबत रडणाऱ्या तान्ह्या मुलांना पाजत, आणि त्यात मॉर्फिन, म्हणजे अफूचा अर्क असे. मूल शांत झोपे. काही मुले परत उठलीच नाहीत.

आता तुम्ही विचाराल, की पट्टा बांधून बरे वाटले असे सांगणारी माणसे खोटे बोलतात का? मुळीच नाही. येथे एक जुना प्रयोग सांगितला पाहिजे. अमेरिकेतील पर्किन्स या वैद्याने १७९६ साली धातूच्या दोन कांड्यांचे चक्क पेटंट घेतले होते. दुखऱ्या भागावरून कांड्या फिरवल्या, की वेदना ओढून निघते म्हणे. इंग्लंडात बाथ येथे डॉ. हेगार्थ यांनी १७९९ साली तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून घेतल्या आणि जुनाट संधिवाताच्या पाच रोग्यांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला! दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या. परिणाम तोच. म्हणजे आराम खरा होता, पण तो कांडीतून येत नव्हता. आणि पर्किन्स लबाड होता असेही म्हणवत नाही. १७९९ मध्ये न्यूयॉर्कला पीतज्वराची साथ आली, तेव्हा तो स्वतःचेच एक औषध घेऊन रोग्यांत गेला आणि त्याच तापाने मेला. माणूस प्रामाणिक असणे आणि त्याचे औषध खरे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हीच तुलनेची रीत खऱ्या औषधाला तारते, हे आपल्या मुंबईत दिसले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भेदरलेल्या शहरात प्लेगवरच्या गोळ्या आणि मिश्रणे खपू लागली. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस दिली. उरलेल्यांची संख्या त्याहून थोडी जास्त होती. जागा तीच, अन्न तेच. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावला एकही नाही. आजच्या कसोटीने या प्रयोगातही उणिवा काढता येतील. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, आणि कैद्याच्या ‘राजीखुशी’ला कितपत अर्थ असतो हाही प्रश्नच आहे. तरी हाफकिन यांनी न टोचलेल्यांचे आकडेही मांडले. आमच्या पट्टेवाल्याला मी विचारले होते, “गुण न आलेले किती?” तो सहज म्हणाला, “सर, ज्यांना गुण येत न्हाई ते परत कशाला येतील?”

हे सारे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो आहे? माझ्या आत्याला मधुमेह होता. अशाच एका फिरत्या विक्रेत्याने ‘साखर मुळापासून’ घालवणारी पूड दिली आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगितले. चार महिने तिने पूड घेतली. रक्तातली साखर वाढली तरी पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळे तिला बरेच वाटत होते. पायाला काटा लागून जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. दवाखान्यात ती मला म्हणाली, “अरे बाळा, पर गुण येत हुता की रं.” मी एम.एस्सी. झालेला भाचा, चार महिन्यांत तिला एकदाही विचारले नाही की गोळ्या घेतेस ना. त्या विक्रेत्याइतकाच दोष मी स्वतःला देतो.

आपल्याकडे याविरुद्ध कायदा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा. त्याच्या यादीत ५४ विकार आहेत; मधुमेह आहे, कर्करोग आहे, अर्धांगवायू आहे, प्लेगही आहे. ते बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. उंची वाढवण्याच्या जाहिरातीही त्यात येतात, हे दहावीच्या मुलांनी विशेष ध्यानात ठेवावे! माझे मत असे, की विकणाऱ्याइतकाच दोष अशी जाहिरात पैसे घेऊन छापणाऱ्याचा आणि आता मोबाइलवरून फुकट पुढे ढकलणाऱ्याचाही आहे. काही जण म्हणतील, सर आयुर्वेदाच्या विरुद्ध आहेत. तसे नाही. कोरफड असो की सुंठ, तिचा उपयोग असेल तर तुलनेने सिद्ध होईल. भांडण आहे ते गुपिताशी. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. उलट, जुलाबात लाखो मुलांचे प्राण वाचवणारी जलसंजीवनी पाहा. मीठ, साखर, पाणी. आणि कृती पुडीवर छापलेली.

पुढच्या बाजाराला मी दोन पट्टे घेऊन गेलो. एकात त्याचेच चुंबक, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाच्या लोखंडी चकत्या. बाहेरून अगदी सारखे. त्याला म्हटले, “तुमचीही कंबर दुखते म्हणता ना? आठवडाभर हा बांधा, आठवडाभर तो. कोणता कुठला ते मी सांगणार नाही. कशाने बरे वाटले ते मला सांगा.” त्याने दोन्ही पट्टे हातात घेऊन उलटसुलट पाहिले, हसून परत दिले आणि कर्णा उतरवू लागला.

“सर, तुमचं खरं असंल,” तो म्हणाला, “पर आता बाजार उठायची येळ झाली.”