चोविसाव्या पलटणीचा न्याय

अमेरिकेच्या सैन्यांतील वर्णभेदाची गोष्ट निघाली कीं ती सांगण्याची एक ठराविक रीत आमच्या वाचनांत वारंवार येते. १९४८ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं ९९८१ क्रमांकाचा हुकूम काढला. वर्ण, धर्म वा मूळ देश न पाहतां सैन्यांत सर्वांस समान वागणूक व समान संधि मिळेल, असें त्यांत जाहीर केलें. आणि पुढें कोरियाच्या युद्धांत काळा शिपाई व गोरा शिपाई एकाच खंदकांत खांद्याला खांदा लावून लढले. येथें गोष्ट संपते, आणि एका सहीनें पिढ्यान्‌पिढ्यांचें पाप धुऊन निघालें अशा समाधानानें सांगणारा व ऐकणारा दोघेही उठतात. ही गोष्ट खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती अर्धी आहे. आणि न्यायाच्या बाबतींत अर्धी गोष्ट पुष्कळदां पुऱ्या असत्याहून अधिक अपाय करते. ज्यांच्या माथीं भ्याडपणाचा शिक्का मारून ही समता साधली गेली, त्यांचें काय झालें, हा प्रश्न या गोष्टींत कोणी विचारीत नाहीं. तो आज आम्हांस विचारावयाचा आहे.

प्रथम, तो ज्या पलटणीविषयीं विचारावयाचा तिची ओळख करून दिली पाहिजे. चोविसावी पायदळ रेजिमेंट ही १८६९ सालची जुनी पलटण. तींतले शिपाई सारे कृष्णवर्णी; वरिष्ठ अधिकारी बहुतेक गोरे. ट्रूमन यांचा हुकूम निघून जवळजवळ दोन वर्षें लोटलीं तरी ही व्यवस्था जशीच्या तशी होती. कारण हुकूम राजधानींत निघतो, पण तो अमलांत येणें न येणें छावणींतल्या साहेबाच्या मनावर असतें, हा अनुभव केवळ आमच्याच देशाचा नव्हे. १९५० च्या जूनमध्यें कोरियांत युद्ध पेटलें, आणि जुलैंत ही पलटण जपानांतील गिफूच्या छावणींतून उचलून आघाडीवर नेण्यांत आली. २० जुलै रोजीं तिनें येचॉन हें गांव परत घेतलें. पराभवामागून पराभवच ऐकणाऱ्या अमेरिकेंत वृत्तपत्रांनीं या विजयाचा डंका पिटला. परंतु १९६१ सालीं सैन्याचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध झाला, तेव्हां येचॉन येथें लढण्याजोगा शत्रु मुळांत होता कीं नव्हता, अशीच शंका त्यांत घेतलेली आढळली! म्हणजे जिंकले तर समोर शत्रु नव्हता, आणि हरले तर अंगीं शौर्य नव्हतें. असल्या तराजूंत भीमार्जुनांस घातलें असतें तरी त्यांचें पारडें जड झालें नसतें.

हरले, हें मात्र खरें. तें झांकून ठेवण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. त्या उन्हाळ्यांत रात्रीच्या हल्ल्यांपुढें या पलटणीच्या कांहीं तुकड्या एकाहून अधिक वेळां जागा सोडून मागें आल्या. पण त्या उन्हाळ्यांत मागें कोण आलें नाहीं? ५ जुलै रोजीं ओसानजवळ शत्रूस प्रथम सामोरी गेलेली अमेरिकन तुकडी कांहीं तासांत उधळली गेली. येचॉन ज्या दिवशीं हातीं आलें त्याच दिवशीं तेजॉनसारखें मोठें शहर हातचें गेलें. तेथील गोऱ्या डिव्हिजनचे सेनापति डीन हे स्वतः सैन्यापासून तुटून बेपत्ता झाले व पुढें शत्रूच्या कैदेंत पडले. या पराभवांचीं कारणें मोठ्या सहानुभूतीनें सांगितलीं जातात. जपानांतल्या निवांत छावणीजीवनानें शिपाई ढिले पडले होते, हत्यारें जुनीं होतीं, रणगाडे फोडण्याचें साधन नव्हतें, शत्रु संख्येनें भारी होता. हीं सर्व कारणें खरीं आहेत. परंतु चोविसावी पलटणही त्याच जपानांतून, तशींच हत्यारें घेऊन, त्याच शत्रूपुढें उभी राहिली होती. गोऱ्यांच्या माघारीचें कारण परिस्थितींत सांपडतें आणि काळ्यांच्या माघारीचें कारण मात्र त्यांच्या रक्तांत सांपडतें, हा इतिहास नव्हे. नाचतां येईना अंगण वाकडें, असें म्हणण्याची मुभा येथें एकाच जातीच्या नर्तकांस होती!

आणि हा भेद केवळ बोलण्यापुरता राहिला असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. तो न्यायासनापर्यंत गेला. शत्रूपुढें गैरवर्तन केल्याबद्दल शिक्षा सांगणारें ७५ वें कलम तेव्हांच्या अमेरिकन युद्धनियमांत होतें. १९५१ च्या आरंभीं थरगुड मार्शल हे विख्यात कृष्णवर्णी वकील, जे पुढें १९६७ सालीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत बसले, स्वतः जपान व कोरियांत गेले आणि त्यांनीं खटल्यांचीं दप्तरें उघडून पाहिलीं. या कलमाखालीं ६० कृष्णवर्णी शिपायांवर आरोप ठेवण्यांत आले होते, व गोऱ्या शिपायांपैकीं ८ जणांवर. दोषी ठरले ते ३२ काळे आणि २ गोरे. त्या ३२ पैकीं एकास मृत्युदंड, १५ जणांस जन्मठेप आणि उरलेल्यांस ५ पासून ५० वर्षांपर्यंत कैद अशा शिक्षा झाल्या होत्या. दोघां गोऱ्यांपैकीं एकास ५ वर्षें व दुसऱ्यास ३ वर्षें! जन्मठेपेंत शेवट झालेल्या खटल्यांपैकीं एक ४२ मिनिटांत उरकला होता व दुसरा ४४ मिनिटांत. एका मनुष्याचें उभें आयुष्य पाऊण तासाच्या आंत निकालांत निघतें, तेव्हां त्या कामास न्याय हें नांव देणें हा भाषेवरही अन्याय होय.

ज्यास मृत्युदंड झाला तो लेफ्टनंट लिऑन गिल्बर्ट. हा कांहीं कोंवळा रंगरूट नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर त्यानें चाकरी केली होती. ३१ जुलै १९५० रोजीं सांगजूजवळ त्यास सोडून आलेल्या चौकीवर परत जाण्याचा हुकूम झाला. तेथें परत जाणें म्हणजे आपल्यासह बरोबरच्या मूठभर माणसांस हकनाक मृत्यूच्या तोंडीं देणें होय, असें म्हणून त्यानें नकार दिला. सप्टेंबरांत लष्करी न्यायालयानें त्यास मृत्युदंड फर्माविला. देशभर गवगवा झाला, तेव्हां ट्रूमन यांनीं ती शिक्षा २० वर्षांच्या कैदेवर आणली. सुमारें पांच वर्षें भोगून तो सुटला. हुकूम मोडणें हा सैनिकाचा अपराध आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, ज्या महिन्यांत डिव्हिजनच्या डिव्हिजनी मागें सरत होत्या, त्या महिन्यांतल्या माघारीचें प्रायश्चित्त म्हणून फांसाच्या दोरापर्यंत पोंचलेला अधिकारी याच पलटणींतला निघावा, हा योगायोग कोणत्या शास्त्रानें समजावयाचा?

भ्याड म्हणून हिणविलेल्या याच पलटणींत ६ ऑगस्ट १९५० रोजीं हामानजवळ विल्यम थॉम्प्सन हा साधा शिपाई, सोबत्यांस सुखरूप मागें जातां यावें म्हणून, अंगावर जखमा झेलीत मशिनगनपाशीं एकटा राहिला व तेथेंच मेला. पुढच्या वर्षीं २ जून रोजीं सार्जंट कॉर्नेलियस चार्ल्टन यानें जखमी असतां उपचार नाकारून टेकडीवर चढाई केली व तो पडला. दोघांसही मरणोत्तर सर्वोच्च पदक मिळालें. त्यांतही ध्यानांत ठेवण्यासारखें हें कीं, दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि कृष्णवर्णी सैनिक असतां त्या काळीं त्यांतल्या एकासही हें पदक मिळालें नव्हतें. सात जणांस तें दिलें गेलें १९९७ सालीं, आणि तेव्हां त्यांतला एकच हयात होता. चार्ल्टनच्या अस्थींस आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत जागा मिळाली ती २००८ सालीं.

आतां ज्या समतेचा एवढा गौरव होतो ती कशी आली तें पाहूं. १९५० च्या सप्टेंबरांत डिव्हिजनचे सेनापति कीन यांनीं वर लिहून पाठविलें कीं, ही पलटण विश्वासास पात्र नाहीं, ती मोडावी व तिचे शिपाई इतरत्र वांटून द्यावे. इकडे गोऱ्या पलटणींत माणसें झपाट्यानें कमी होत होतीं, तेव्हां काळे शिपाई मिळेल तेथें भरती करण्याखेरीज इलाजच उरला नाहीं. १९५१ च्या जुलैंत सेनापति रिजवे यांच्या मागणीस मान्यता मिळून एकत्रीकरण जाहीर झालें, आणि १ ऑक्टोबर १९५१ रोजीं चोविसावी पलटण मोडण्यांत आली. तिचे शिपाई मिश्र तुकड्यांत गेले आणि तेथें इतरांसारखेच लढले. आमच्या मतें साऱ्या वादाचा निकाल या एका गोष्टींत आहे. मनुष्य तोच, रंग तोच, शत्रु तोच. बदलला तो त्याच्याभोंवतालचा अविश्वास. यावरून काढावयाचें अनुमान सरळ होतें: दोष त्या शिपायांत नव्हता, ज्या व्यवस्थेनें त्यांस वेगळें ठेवलें, ज्या अधिकाऱ्यांनीं त्यांच्यावर भरंवसा ठेवला नाहीं, त्यांच्यांत होता. परंतु सैन्यानें काढलेलें अनुमान उलट होतें: काळे शिपाई वेगळे ठेवले तर निरुपयोगी, गोऱ्यांच्या संगतींत सुधारतात! पंक्तीस घेतलें खरें, पण विटाळाचा आरोप मागें घेऊन नव्हे. आरोप कायम ठेवून घेतलें.

आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्तिदात्यांस अर्पण केली, तेव्हांपासून या दोन दुःखांची ओळख मराठी मनास आहे. कोरेगांवच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें कोरलेलीं आहेत त्या महारांची सैन्यभरती इंग्रजांनीं १८९२ च्या सुमारास बंद केली. कारण काय, तर लढाऊ जातींच्या नव्या यादींत त्यांचें नांव बसेना. पहिल्या महायुद्धांत माणसें अपुरीं पडतांच १९१७ सालीं त्यांची १११ वी पलटण उभी राहिली, आणि १९२१ सालीं ती मोडली. १९४१ सालीं पुन्हां युद्ध, पुन्हां महार रेजिमेंट! गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण रचणाऱ्यास सरकारांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. जातिभेद व वर्णभेद हे एक नव्हत. पण भरतीच्या वेळीं शूर व भरती संपतांच अपात्र ठरविण्याची युक्ति दोहोंकडे सारखीच आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व जुनें झालें. सैन्यानेंच १९९६ सालीं या पलटणीचा नवा इतिहास प्रसिद्ध केला, व वेगळेपणानें निर्माण केलेला अविश्वास आणि नेतृत्वाचे दोष त्यांत कबूल केले. होय, केले, आणि त्याबद्दल त्या लेखकांस आम्ही यश देतों. पण कबुली म्हणजे निर्दोष-सुटका नव्हे. ‘तुम्ही पळालांत, पण त्यास कारणें होतीं’ असें ऐकून त्या पलटणीचे कांहीं म्हातारे शिपाई संतापले, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. आणि जुनें तरी कितपत झालें? २०१९ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी खात्यानेंच दाखवून दिलें कीं, हुद्दा, शिक्षण इत्यादि गोष्टी जमेस धरूनही कृष्णवर्णी सैनिकांस लष्करी न्यायालयापुढें उभें राहण्याचा प्रसंग गोऱ्यांहून अधिक येतो. पलटणी एक झाल्या. तराजू एक झाला नाहीं.

तो एक करणें अशक्य नाहीं, याचा दाखलाही याच पलटणीच्या इतिहासांत आहे. १९१७ सालीं ह्यूस्टन येथील दंग्यावरून तिच्या ११० शिपायांस दोषी ठरविण्यांत आलें व त्यांतल्या १९ जणांस फांशीं देण्यांत आलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत सैन्यानें ते सर्व निकाल रद्द केले, कारण त्या खटल्यांत न्याय झालाच नव्हता असें त्यास आढळलें. फांशीं गेलेल्यांस त्याचा कांहीं उपयोग नाहीं. पण त्यांच्या नातवंडांस आहे, आणि सैन्यासही आहे. ह्यूस्टनच्या शिपायांस या एका वाक्यासाठीं १०६ वर्षें थांबावें लागलें. कोरियांतल्या त्या ३२ जणांच्या निकालांचीही तशीच एकत्र फेरतपासणी होऊन दोषमुक्ति मिळावी, आणि ती त्यांच्या नातवंडांच्या हयातींत मिळावी. तोंपर्यंत १९४८ च्या हुकुमाचे गोडवे गाणाऱ्यांनीं त्या हुकुमाच्या शेजारीं तीं ४२ मिनिटेंही लिहून ठेवावीं.